रविवारी करायचं राहिलेलं वाटप

वैनी, आजही ड्युटीवरून आल्या आल्या, चप्पल पायात असतानाच, मी स्वयंपाकघरात डोकावले. ओटा स्वच्छ होता. एकही भांडं झाकून ठेवलेलं नव्हतं. माणूस गेलं की त्याची खुर्ची रिकामी दिसते म्हणतात. तुझी खुर्ची कुठली, मला सांगताच येणार नाही. तू घरात बसायचीस कधी? मला रिकामा दिसतो तो ओटा, आणि तो बघितला की पुढे काय करायचं ते मला सुचत नाही.

तू एसटीत कंडक्टर, मी मालवणातल्या हॉस्पिटलात नर्स. एका घरातल्या दोन जावा, स्वयंपाकघर एक, आणि दोघींच्या ड्युट्या अशा उफराट्या की आपली गाठ पडायची ती दारात. एक चप्पल घालतेय आणि दुसरी काढतेय. तू विजयदुर्गची वस्तीची गाडी करून सकाळी यायचीस तेव्हा मी निघालेली असायचे, मी रात्रपाळी करून झोपलेली असायचे तेव्हा तुझी गाडी कणकवली गाठत असायची. आपण एकमेकींना भेटायचो कमी, आपली भांडीच एकमेकींना भेटायची. जी आधी घराबाहेर पडेल तिने स्वयंपाक अर्ध्यावर आणून ठेवायचा, जी नंतर येईल तिने तो पुरा करायचा, हा आपला नेम होता. मी त्याला नर्सच्या भाषेत चार्ज देणं म्हणायचे. तू म्हणायचीस, "आज हाफ तिकीट ठेवलंय गो, वायच फुल कर."

सरकारने बायकांना अर्धं तिकीट केलं तेव्हा तुला या शब्दाचा कोण आनंद झाला होता! "बायकांका हाफ तिकीट केल्यानी, कामाचां मातर फुलच," असं म्हणून तू दिवसभर बसमध्ये बायकांना हसवत फिरलीस.

पण हाफ तिकीट तू इमानाने ठेवायचीस. मासे साफ करून, मीठ-हळद लावून. वाटीत कोकमाची सोलं भिजत घातलेली. तांदूळ धुवून कुकरात. फ्रीजरमधला वाटपाचा डबा काढून खाली ठेवलेला, म्हणजे मी येईपर्यंत सैल होईल. मी हातपाय धुवून गॅस पेटवला की भात होईस्तोवर कालवण तयार. ताटं मांडली की तू घरात असलीस तर डाव घेऊन झाकणावर दोनदा वाजवायचीस, टण् टण्, आणि ओरडायचीस, "चला, डबल बेल!" भावजी रेडिओ दुरुस्त करत बसलेले असले तरी त्या आवाजाला उठायचे. तुझा नवरा असला तरी शेवटी तुझा पॅसेंजरच.

झाकणाची खूण मात्र आपल्याला एका फजितीनंतर सुचली. कुळथाच्या पिठीत तूही मीठ घातलंस, मीही घातलं, आणि घरातल्या दोन्ही पुरुषांनी मुकाट्याने भात जास्त आणि पिठी कमी असं करून जेवण उरकलं. मी म्हणाले, आपण चिठ्ठी लिहून ठेवत जाऊ. तू हातच झटकलेस. "चिठ्यो वाचूक येळ कोणाक आसा? मीठ घातलां तर झाकण उलटां ठेवायचां, नाय घातलां तर सुलटां. बघल्यावर कळता." त्या दिवसापासून आपल्या घरी कधी पदार्थ खारट झाला नाही. पाहुण्यांना मात्र आपली अर्धी झाकणं उलटी का, हे कोडं असायचं.

आणि या सगळ्याच्या मुळाशी तुझं ते वाटप.

मी गडहिंग्लजची. आमच्याकडे मसाल्याचं वाटतात त्याला वाटण म्हणतात, आणि वाटप म्हटलं की भावाभावांत जमिनीचं, घराचं, भांड्याकुंड्यांचं. लग्न होऊन या घरात आले, हळदसुद्धा उतरली नव्हती, आणि माजघरातून तुझा आवाज ऐकला, "ह्या आयतवारी वाटप करूचां आसा, खंय जाव नको कोण." मी परसात जाऊन आईला फोन लावला. म्हटलं, "आई, मी पाऊल ठेवलं आणि यांचं वाटप निघालं!" आई घाबरली नाही. म्हणाली, "तू तोंड उघडू नको. नुसतं बघ, आपल्याकडे काय येतंय."

म्हणून त्या रविवारी मी चांगली साडी नेसून, पदर खोचून तयार बसले. वडीलधारी मंडळी येतील, बैठक बसेल, आपल्याला काही विचारतील. बराच वेळ कुणी आलं नाही तेव्हा तुला विचारलं, "वहिनी, वाटपाला कोण कोण येणार आहे?" तू नारळ खवत होतीस. म्हणालीस, "कोण येतलो? तू नि मी." आणि कांद्याचं टोपलं माझ्याकडे सरकवलंस. मग माझा चेहरा बघून तुला काय झालं ते कळलं, आणि तू अशी हसलीस, अशी हसलीस की विळीवरून उठून बाजूला बसावं लागलं. तेव्हापासून या घरात माझी ओळख तीच. येईल त्याला सांगायचीस, "ही आमची शुभा. घराक इली ती वाटप मागीतच."

आता सांगते, त्या दिवशी मला राग आला होता. नव्या सुनेला हसतात का असं? पण कांदे चिरताना रडले ते कांद्यांनी की रागाने हे तुला कळलं नाही, आणि दुपारी तू पहिल्या घाण्यातलं वाटप घालून अंड्यांचा रस्सा केलास. गॅसवर भांडं चढवल्यापासून ताटात पडेपर्यंत भात शिजायला लागतो तेवढाच वेळ. मी तीन वेळा वाढून घेतला. राग तिथेच संपला असावा, कारण पुढचा मला आठवत नाही.

उभा चिरलेला कांदा तेलावर कडा काळसर होईपर्यंत परतायचा. त्याच कढईत खवलेलं खोबरं, तपकिरी होईपर्यंत, आणि तोवर तिथून हलायचं नाही, फोन वाजला तरी. धणे, चार मिऱ्या, दोन लवंगा. गार झालं की मिक्सरवर कमीत कमी पाण्यात. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये. मग आठवडाभर काळे वाटाणे असोत, चवळी असो, कोंबडी असो, कामावरून आलेल्या बाईने नुसतं एक डाव वाटप टाकायचं. माशांसाठी कच्चं वाटप वेगळं, ते थोडं थोडं, कारण ते फार टिकत नाही. मी आपलं नर्सचं शहाणपण चालवायचे, डब्यांवर तारीख लिहा, शिळं खाऊ नये. तू म्हणायचीस, "शिळां वेगळां, तयार वेगळां गो. शिळां म्हणजे जेवन उरलेलां. ह्यां तर अजून जेवन झालांच नाय." आणि आपण दिवसभर कामाला जाणाऱ्या बायका असून या घरात कधी बाहेरच्या पाकिटातलं कालवण शिजलं नाही, ते या तयारपणामुळे. मला ते पटलं होतं. तसं तुला म्हणाले मात्र कधीच नाही. डब्यांवर तारखा लिहीत राहिले.

नितीनला नि मला मूल नाही. मयुरी तुझी, पण ती दोघींच्या हाफ तिकिटांवर वाढली, आणि आता पुण्याला नोकरीला आहे. तिलाही तू वाटप पाठवायचीस, वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर टॉवेल, त्यावर पिशवी, रात्रीच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात. "बाळा, फ्रीजरात टाक आधी, मगे माका फोन कर." ती ऑफिसातून दमून यायची आणि फोनवर तू तिला इथून पिठी करायला लावायचीस. लसूण ठेच. तेलात टाक. पाणी ओत. आता कुळथाचं पीठ, एका हाताने ढवळ. सोल टाकलंस? तुझी गाडी सुटेपर्यंत तिची पिठी झालेली असायची. परवा ती मला म्हणाली, "काकी, शेवटचा डबा आहे, वापरू की ठेवू?" मी म्हटलं, वापर. तुझी आई साठवायला करायची नाही, खायला करायची.

भांडलो तरी किती आपण! तिखल्यावरून तर लग्न झाल्यापासून आजपर्यंत. तुझं म्हणणं, बांगड्याचं तिखलं म्हणजे मिरचीचं वाटलेलं, हळद, तिरफळं, सोलं, वरून कच्चं खोबरेल, बस. मी घाटावरची, मला फोडणीचा चर्र आवाज आल्याशिवाय स्वयंपाक केल्यासारखं वाटत नाही. एकदा मी लसणाची फोडणी घालायला गेले तर तू माझा हात धरलास. "तिखल्याक फोडणी? गो, पाप लागात!" मी म्हणाले, माझी चूल वेगळी असती तर दोनदा घातली असती. तू म्हणालीस, "मगे मांड वेगळी, नि घाल." दोघीही हसलो. हे असं आपण दर महिन्याला एकदा तरी म्हणायचो. या वेळी ते माझ्या डोक्यात अडकून बसलं, कारण त्याच सुमारास खऱ्या वाटपाची गोष्ट निघाली.

त्यात कुणाचं वाईट नव्हतं. नितीनला पर्यटकांसाठी मागच्या बाजूला दोन खोल्या काढायच्या होत्या. कर्जासाठी घराचा त्याचा भाग त्याच्या एकट्याच्या नावावर हवा होता. एकदा नावं वेगळी करायची तर सगळंच नीट वेगळं करू, दुसरं स्वयंपाकघरही काढू, असं तो म्हणाला. भावजी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्या सोमवारी संध्याकाळी दोघे भाऊ टेप घेऊन घर मोजत होते. आपलं स्वयंपाकघर लांबीला किती, रुंदीला किती, मी चपात्या लाटत ऐकत होते. तू ड्युटीवर होतीस.

मंगळवारी तुझा फोन आला. मी वॉर्डात होते. मागे गाडीची घरघर, पोरांचा गलका. "शुभा, आयकलंस? ह्या आयतवारी वाटप करून टाकूया गो. मगे माका येळ गावाचो नाय."

मी कोपऱ्यात गेले. विचारलं, "कसलं वाटप, वैनी?"

"कसलां काय इचारतंस?" तू हसलीस. "वाटप!"

आणि घंटी वाजली, दोनदा. तुझीच डबल बेल. गाडी सुटली आणि रेंज गेली.

तो रविवार आलाच नाही.

मंगळवारी तू वस्तीला. बुधवारी तू आलीस तेव्हा मी दुसऱ्या पाळीला. गुरुवारी मी उठले तेव्हा तू गेलेली. दर वेळी वाटायचं, फोनवर नको विचारायला, तोंड बघून विचारू. तुझ्या तोंडावर सगळं दिसायचं, तुला खोटं बोलताच यायचं नाही. शुक्रवारी मी तीन वाजता घरी आले. ओट्यावर तुझं हाफ तिकीट होतं. बांगडे मीठ-हळद लावून, झाकण उलटं. वाटीत सोलं. तिरफळं ठेचून ठेवलेली. मी तिखलं गॅसवर ठेवलं आणि ते उकळायला लागलं तोच डेपोतून फोन आला. "मॅडम, वायच हॉस्पिटलात येतात?" मी म्हटलं, आत्ताच तर तिथून आले. तो माणूस मग म्हणाला, "परत येवा."

गाडी डेपोत लागली, सगळे उतरले आणि तू उतरली नाहीस. एवढंच सगळे सांगतात. मला त्याहून जास्त लिहायचं नाही.

घरात चूल पेटणार नव्हती. ते अर्धं शिजलेलं तिखलं शेजारच्या रोझीबायने येऊन नेलं, भांडं घासून आणलं, आणि पुढचे दिवस ती शेजारधर्माने पेजेचं पातेलं आणत राहिली. पहिल्या दिवशी मी ते पातेलं ओट्यावर बघितलं. झाकण सुलटं. मी सवयीने मीठ घातलं. रोझीबायने अर्थातच आधी घातलेलं होतं, तिला आपली खूण काय माहीत? भावजी, नितीन, पुण्याहून आलेली मयुरी, सगळ्यांनी ती खारट पेज एक शब्द न बोलता खाल्ली. मयुरीने फक्त माझ्याकडे बघितलं. मग आम्ही दोघी मोरीत जाऊन रडलो.

तेरावं झाल्यावर भावजींनी मला हाक मारली. ते आणि नितीन पुढच्या अंगणात, खळ्यात बसले होते. भावजींची दाढी वाढलेली, आवाज बसलेला. म्हणाले, "शुभा, तिचो शेवटचो फोन तुकाच इल्लो. वाटपाचां कायतरी म्हणाली, असां तू त्या दिवशी म्हणत होतंस. काय म्हणाली तां सांग. तिच्या मनात होतां तसांच करूया."

वैनी, काय सांगायचं होतं मी? तू म्हणालीस तो शब्द न् शब्द सांगितला. नितीन म्हणाला, "म्हणजे तिकाही व्हयां होतां. टेप लावलेली तिका ठावक होती." मी म्हणाले, नाही, ती नारळाचं म्हणत होती. तो म्हणाला, "मगे माका येळ गावाचो नाय, ह्यां नारळाक कोण म्हणता?" मी म्हणाले, कुणकेश्वरची जत्रा तोंडावर आली होती, जादा गाड्या लागणार होत्या, रजा मिळणार नव्हती, म्हणून म्हणाली. हे बोलताना माझा आवाज चढला. खरं तर मलाच खात्री नव्हती. मगे मांड वेगळी, नि घाल, हे तुझं बोलणं माझ्या कानात होतं. इतकी वर्षं मी घाटावरची, तारखा लिहिणारी, फोडणीसाठी हट्ट करणारी. कंटाळली असशील तर? वेगळी चूल तुलाच हवी झाली असेल तर? आणि तसं असतं तरी तू ते असं हसत हसत, गाडीतून सांगितलं असतंस का? भावजी म्हणाले, "बघूया," आणि विषय तिथेच राहिला. मी मात्र रोज ओट्यासमोर उभी राहून तुला तेच विचारत होते. कसलं वाटप, वैनी?

मग गेल्या रविवारी गणू आला. आपल्या माडांवर चढणारा गणू पाडेली. खळ्यातच उभा राहिला, आत येईना. "वैनीन सांगल्यान होतां, आयतवारी नारळ व्हये म्हणान. सोलून ठेवल्लंय. मगे ह्यां असां झालां. सुतक होतां, म्हणान इलंय नाय."

मी धावतच बाहेर गेले. नितीनला हाक मारली, भावजींना हाक मारली. बघा म्हटलं, नारळ! सांगत नव्हते मी? बऱ्याच दिवसांनी मला हसू आलं, तेही गणूच्या समोर, आणि तो बिचारा गोंधळून गेला. मग त्याने खांद्यावरून नारळ खाली ठेवले. दोन पिशव्या होत्या.

"दोन कित्याक रे?" नितीनने विचारलं.

"तीच म्हणाली, दोन पिशयांत भरून हाड."

नितीनने दोन्ही पिशव्यांकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "दोन पिशयो म्हणजे दोन चुली. आणखी काय?" तो माझ्याकडे बघत नव्हता. त्यालाही जिंकायचं नव्हतं, हे मला कळत होतं. मी तिथेच पायरीवर बसले.

बोलले ते भावजी. "तिचो हात दुखायचो," ते म्हणाले. "डावो. जड पिशवी उचलूक जमत नाय होती. दोन केल्यो की दोन खेपांनी आत नेयत होती." आणि मग म्हणाले, "शुभाक सांगू नको म्हणाली होती. शुभा उगाच तपासण्यो करीत बसतली."

वैनी, आता हे मी तुझ्याशी भांडून घेणार आहे. नवऱ्याला सांगितलंस, गणूला पिशव्या दोन कर म्हणून सांगितलंस, आणि ज्या बाईच्या हातात दिवसभर लोकांचे हात असतात, त्या बाईला तुझा डावा हात दुखतो हे सांगितलं नाहीस! हो, बसले असते तपासण्या करत. तुला खेचत नेलं असतं, तू वाटेत मला शिव्या घातल्या असत्यास, आणि मी त्या ऐकल्या असत्या. तुझ्या वेगळ्या चुलीचा मला इतका राग आला नसता, जितका या लपवण्याचा आलाय. मीठ घातलं की नाही ते झाकण उलटं करून सांगायचीस. हे सांगायला एखादं झाकण नव्हतं तुझ्याकडे?

गणू चहा न घेता गेला. मग मी उठले, एक पिशवी उचलली, आत नेली. परत येऊन दुसरी उचलली. दोन खेपा केल्या. आणि विळी मांडून वाटपाला बसले.

तुझ्याशिवाय पहिल्यांदा. कांदे चिरताना समोर कुणी नव्हतं. हसून विळीवरून उठणारं कुणी नव्हतं. नारळ खवता खवता माझा हात भरून आला तेव्हा भावजी आत आले, विळीवर बसले आणि उरलेले नारळ खवू लागले. करवंटीपर्यंत खरवडत होते, खोबऱ्यात काळं येत होतं. तू असतीस तर विळीवरून उठवलं असतंस. मी खवू दिलं. खोबरं भाजताना वास सुटला, तुझ्या रविवारचा वास, आणि वाटलं गॅस बंद करावा. पण तिथून हलायचं नाही, ही तुझीच शिकवण. हलले नाही. मिक्सरचा आवाज होता ते बरं झालं, मला मोकळेपणाने रडता आलं.

डबे भरले. झाकणं लावली. तारीख लिहिली नाही.

संध्याकाळी दोघे भाऊ पुन्हा खळ्यात बसले होते. टेबलावर बँकेचे कागद. नितीनने आत वाकून विचारलं, "मगे, वाटपाचां काय ठरलां?"

मी ओटा पुसत होते. तिथूनच सांगितलं, "झालां. फ्रीजरात आसा."

बाहेर मग भावजी हसायला लागले. आधी हळू, मग तुझ्यासारखे, पोट धरून, आणि हसता हसता त्यांनी खांद्यावरच्या पंच्यात तोंड लपवलं. नितीन त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. जरा वेळाने भावजींचा आवाज आला, "खोल्यो बांध तू. कागदार काय व्हयां तां कर. चूल मातर हीच." नितीनने "होय" म्हटलं. इतक्या दिवसांत त्याच्या तोंडून निघालेला सगळ्यात सरळ शब्द.

आणि परवा, बुधवारची गोष्ट. मला पहिली पाळी होती. सकाळी बांगडे आले, मी साफ केले, मीठ-हळद लावली, सोलं भिजत घातली, झाकण उलटं ठेवलं आणि निघाले. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. हे मी कुणासाठी ठेवून आले? घरी आता पुढचं करणारं कोण आहे? दिवसभर मनाला लागून राहिलं. दुपारी आले ती भीतभीतच. मांजराने नाही तर उन्हाने बांगड्यांची वाट लावली असणार.

ओट्यावर तिखलं झाकून ठेवलेलं होतं. केलेलं. भावजी मागच्या दारात उभे होते, चोरी पकडल्यासारखे. "हाफ तिकीट दिसलां," म्हणाले. "फुल करून टाकलंय."

मी झाकण काढलं. वर लसूण तरंगत होता, लाल झालेला. वैनी, तुझ्या नवऱ्याने, या मालवणच्या माणसाने, तुझ्याच स्वयंपाकघरात तिखल्याला फोडणी घातली होती. आम्ही दोघे जेवलो. सोलं जास्त झाली होती, बांगडा एक मोडला होता. आणि सांगू नये, पण फोडणीने चांगलं लागत होतं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि प्रत्येक घासाला वाटत होतं, आत्ता तू येशील, माझा हात धरशील, पाप लागात म्हणशील. तुझा हात धरणं मला हवं होतं, तिखलं कसंही होवो.

स्वयंपाक होत राहील. भावजी शिकतील, नितीनलाही विळीवर बसवेन, मयुरीला डबे पाठवेन, रात्रीच्या गाडीच्या कंडक्टरांना तुझं नाव सांगितलं की ते घेतात. ओट्यावर अर्धं ठेवलेलं कुणीतरी पुरं करेल. फक्त झाकणावर डाव वाजवणं मी अजून केलेलं नाही. ताटं मांडली की सगळे क्षणभर थांबतात, मीही थांबते, आणि मग आम्ही तसेच जेवायला बसतो.

दोन पिशव्या मी धुवून, वाळवून, घडी करून फडताळात ठेवल्या आहेत. कधी त्या माझ्या बाजूने साक्ष देतात, कधी नितीनच्या. तू नक्की कुठल्या वाटपाचं बोलत होतीस, ते मला कळलेलं नाही. आता वर भेटलीस की तुझं तोंड बघूनच विचारेन, आणि तुला खोटं बोलता यायचं नाही.

तोवर माझंच खरं.